एका टाकीची विहीर

३ जानेवारी

तीर्थरूप ताई,

नमस्कार आधी आणि बातमी नंतर, हा तुझा नियम पाळून नमस्कार करतो. केला. आता ऐक. मी आज तेलाची विहीर पाहिली. उघडताना पाहिली.

गेल्या वर्षी दुकान विकल्यावर त्यातल्या थोड्या पैशांचे मी त्या छोट्या तेलकंपनीचे शेअर घेतले, तेव्हा तू लिहिलं होतंस, "चष्मेवाल्याला तेल कशाला? काचा पुसायला?" तीच ही कंपनी. विहीर एकच आहे, पण काय आहे म्हणून सांगू. अध्यक्ष स्वतः गाडी घेऊन दारात आले. ते माझं जुनं गिऱ्हाईक, नंबर प्लस दोन. सोनेरी काडीचा चष्मा मीच बसवून दिलेला. शहर संपलं, गुदामं संपली, मग नुसतं उघडं रान आणि त्यात तारेचं कुंपण. आत पत्र्याची एक शेड, एक उंच गोल टाकी, आणि जमिनीतून माझ्या खांद्यापर्यंत वर आलेला, जागोजागी चाकं बसवलेला एक लोखंडी खांब. मी विचारलं, "विहीर कुठाय?" ते म्हणाले, "तुम्ही टेकलाय तीच." मी आपला वाकून आत डोकावायच्या तयारीने गेलेला.

मग त्यांनी मोठं चाक फिरवलं. आधी काहीच नाही. मग पायाखाली घुरघुर, मांजर कुशीत घेतल्यावर होते तशी. मग नळी थरथरली आणि टाकीत जे कोसळायला लागलं ना, ताई, त्या आवाजाने अंगावर काटा आला. अध्यक्षांनी डबाभर काढून माझ्यापुढे धरलं. मी बोट बुडवलं. लोक म्हणतात तसं काळंकुट्ट नाही गं. उन्हात धरलं तर हिरवट तपकिरी, आणि कोमट. माणसांच्याही आधीचं काहीतरी, अजून ऊब धरून बसलेलं.

मला एकदम आपली शाळा आठवली. गुरुजी मला कवितेसाठी उभं करायचे आणि फळ्यांच्या भिंतीपलीकडे, वरच्या वर्गात बसून, तू माझी कविता माझ्याआधी पाठ केलेली असायची. मी अडलो की पलीकडून तुझा खोकला. परतताना गाडीतच चार ओळी सुचल्या:

खोल खोल काळोखात
कोण राहिले जागत?
लाख वर्षांचे गुपित
आले नळीतून गात.

आता कामाचं. टाकी शंभर बॅरलची आहे. ती आठ तासांत काठोकाठ भरली, माझ्यासमोर. म्हणजे दिवसाला तीनशे. कंपनीच्या अहवालात हाच आकडा आहे, आणि काही भागधारक कुरकुरतायत की तो फुगवलेला आहे. म्हणून पंचवीस फेब्रुवारीच्या सभेत अध्यक्षांनी मला उभं राहून एवढंच सांगायला सांगितलंय, की मी पाहिलं आणि आकडा खरा आहे. तुला माहीतच आहे, सभेतले अर्धे लोक माझी गिऱ्हाइकं, माझ्याच सांगण्यावरून शेअर घेतलेली. ज्याने आपले डोळे तपासले तो बघून बोलतो, असं ते मानतात. मी हो म्हटलं की शेजारी दुसरी विहीर खणायला सगळे पैसे घालतील. मीसुद्धा; दुकानाचे उरलेले सगळे. तूही विचार कर.

तुझा,
बाळ

—

११ जानेवारी

बाळ्या,

आशीर्वाद आहेच, तो काही संपत नाही.

पत्र दोनदा वाचलं. कविता बरी आहे. गुरुजींनी पाठीत गुद्दा घालून शाबासकी दिली असती. आता तेलाचं विचारते. उत्तर कवितेत देऊ नकोस.

तू गेलास तेव्हा विहीर वाहत होती का बंद होती? तूच लिहितोस की चाक तुझ्यासमोर फिरवलं. म्हणजे बंद होती. कधीपासून? टाकी रिकामी असणार, नाहीतर भरली कशी? रोज तीनशे निघतं तर कालचं तीनशे कुठे होतं? आणि परवाचं? कोणी प्यायलं?

बाळ्या, माझं निम्मं आयुष्य गोठ्यात गेलं. बाजार असतो त्याच्या आदल्या संध्याकाळी विकणारा गाईची धार काढत नाही. सकाळीही नाही. कास अशी तटतटते की बघणाऱ्याचे डोळे फिरतात. तुमच्यासमोर पिळून दाखवतो. बादली भरते, वर फेस. घरी आणली की दुसऱ्या दिवशी निम्मं, आणि आठवड्याने तांब्याभर. तुझे भावोजी गाईंच्याच व्यापारातले, पण आमचं लग्न झालं त्या वर्षी त्यांनीच असली एक गाय आणली होती. आपल्या बाबांसमोर मिशीला पीळ देऊन म्हणाले, बारा लिटरची आहे. दिलं हो तिने बारा लिटर. महिन्याचं मिळून.

उथळ पाण्याला खळखळाट फार. तुला आवाज ऐकू आला की तू तिथेच विरघळतोस. जन्मभर लोकांना चष्मे लावलेस आणि स्वतः डोळे मिटून चाललास. माझं मत विचारशील तर ती विहीर आटलेली आहे. सभेत उभा राहू नकोस. राहायचंच असेल तर आधी नीट बघ, आणि न सांगता जाऊन बघ.

ताई

ता. क. मेहुणेबुवा, तुमच्या ताईने गाईची गोष्ट अर्धीच सांगितली. ती मी पुढच्या बाजारात चौदा लिटरची म्हणून विकली. बाकी तेलातलं मला काही कळत नाही, आणि आपला त्याच्याशी काही संबंधही नाही. – भावोजी

—

२० जानेवारी

तीर्थरूप ताई,

तुझ्या पत्राचा राग आला होता. तीन दिवस टिकला. उत्तरात मी लिहून काढलं होतं, की गवईसुद्धा मैफलीआधी गळ्याला विश्रांती देतो, मग विहिरीने दिली तर काय बिघडलं? वाक्य मला फार आवडलं. पाकिटात घालणार, तोच वाटलं, आधी विचारून तरी यावं.

कंपनीचं ऑफिस म्हणजे कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. अध्यक्ष पंख्याखाली बसून पेरू खात होते. मी तुझे प्रश्न जसेच्या तसे विचारले, 'कोणी प्यायलं' एवढं गाळून. त्यांनी काही लपवलं नाही, ताई. लपवायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"टाकी एकच आहे ना आपली," ते म्हणाले. "भरली की चाक बंद. टँकरवाला दहा-बारा दिवसांनी येतो, रस्ता तुम्ही पाहिलात. तो नेतो, टाकी मोकळी होते, की पुन्हा उघडायचं."

"म्हणजे आठ तासांपेक्षा जास्त ती कधी चाललीच नाही?"

"कशी चालणार? तेल काय पदरात घेऊ?"

"मग तीनशे कुठून आलं?"

"आठ तासांत शंभर. दिवसाचे तास चोवीस. गुणाकार मी स्वतः केलाय," आणि त्यांनी मला पेरूची फोड दिली.

परत येताना पाय सवयीने जुन्या दुकानाकडे वळले. नवा मालक कोणाचातरी नंबर काढत होता. तो माणूस तक्त्यावरच्या ओळी धडाधड वाचत होता आणि मालक खूश होऊन लिहून घेत होता. मी दारातच थबकलो. तुला आठवतं, माझी पद्धत काय होती? ताज्या डोळ्याच्या पहिल्या वाचनावर मी कधी भरवसा ठेवला नाही. विश्रांती घेऊन आलेला डोळा पहिल्या ओळी जोरात वाचतो. मग पाणी येतं, अक्षरं पसरतात. म्हणून मी प्रत्येकाला बाकावर बसवून आधी वर्तमानपत्र वाचायला लावायचो आणि मग दुसऱ्यांदा तपासायचो. लोक वैतागायचे. पण त्या बाकामुळेच माझं दुकान चाललं. आणि विहिरीचा मात्र मी पहिलाच नंबर लिहून घेतला, वर कविता केली.

तेव्हा ठरवलंय. विहिरीलाही बाकावर बसवायचं. माझी दोन गिऱ्हाइकं तयार आहेत. एक बेकरीवाली बाई, मायनस सहा; चष्म्याशिवाय तिला स्वतःचा हात दिसत नाही, पण दुसऱ्याची चूक भिंतीपलीकडून दिसते. दुसरा म्हातारा ट्रकचालक, त्याला सगळे सिलिंडर म्हणतात, कारण त्याच्या चष्म्याच्या नंबरात सिलिंडर, म्हणजे तिरपा नंबर, फार. त्याच्या ओळखीचे टँकर आहेत. टाकी भरत जाईल तशी खालून टँकरमध्ये उपसत राहायची, म्हणजे चाक बंद करायची वेळच येणार नाही. आठवडाभर सलग. आम्ही खुर्च्या टाकून समोर बसणार. अध्यक्षांना सांगितलं. वाटलं होतं नाही म्हणतील. ते म्हणाले, "चालवा की. मलाही बघायचंय."

पाठीत लहानपणीच्या सहलीआधी यायच्या तशा मुंग्या येतायत.

तुझा,
बाळ

—

२५ जानेवारी

मेहुणेबुवा,

हे पत्र एकट्याने वाचा आणि फाडून टाका. चुलीत घातलंत तर उत्तम.

मी तुमच्या कंपनीचे शेअर घेतलेत. गेल्या उन्हाळ्यात तांबडी गाय विकली, तेव्हा तुमच्या ताईला किंमत जरा खालची सांगितली आणि वरची रक्कम तिकडे लावली. जरा म्हणजे बरीच.

का, ते विचारू नका. विचारणारच, म्हणून सांगतो. तुमची पत्रं आली की तुमची ताई मोठ्याने वाचते आणि हसते. मी नुसता ऐकतो. आयुष्यभर गाईंच्या पाठीवर थापा मारल्या आणि माणसांना मारल्या. गेल्या वर्षी तुम्ही लिहिलं होतंत, खाली कुठेतरी अंधारात संपत्ती झोपलीय. मला वाटलं, एकदा तरी न दिसणाऱ्या गोष्टीवर पैसे लावून बघू. आता ती म्हणते विहीर आटलेली आहे, आणि गाईच्या बाबतीत ती कधी चुकलेली नाही. माझी झोप उडालीय.

तुमच्या त्या आठवड्यात मी येतोय. घरी सांगेन, लांबच्या बाजाराला चाललो. तिथे तुम्ही मला ओळखू नका. मी आपला कोणीतरी अनोळखी भागधारक.

तुमचा,
भावोजी

—

१२ फेब्रुवारी

तीर्थरूप ताई,

आजच परतलो. नाक उन्हाने सोललंय, कपड्यांना तेलाचा वास आहे, आणि तुला सांगितल्याशिवाय आंघोळीलाही जाववत नाही.

पहिल्या दिवशी चाक फिरलं तेव्हा आम्ही पंधरा-सोळा जण होतो. घडीच्या खुर्च्या, छत्र्या, थर्मास. मायनस सहाने पावांची टोपली आणली होती आणि एक लांब खुणांची काठी. ती काठी टाकीत बुडवून तेल किती चढलं ते बघायची, आणि दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. विहीर तशीच गर्जली. आठ तासांत टाकीभर तेल, बरोबर अध्यक्ष म्हणाले तसं. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. सिलिंडर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय चष्मेवाले, तुमच्या बहिणीला तार करा." मी मनात शब्दही जुळवले होते.

दुसऱ्या दिवशी तेवढ्याच तेलाला अख्खा दिवस लागला. आवाज उतरला. पत्ते जास्त जोरात आपटले जायला लागले. तिसऱ्या दिवशी आणखी उतरला. वेळ जावा म्हणून मी शाळेतल्या कवितांच्या भेंड्या सुरू केल्या आणि नशीब बघ, सगळ्यांना आठवायच्या त्या पानगळीच्या आणि सूर्यास्ताच्याच. चौथ्या दिवशी तर नळीला कान लावला तरच काही ऐकू यायचं. आमच्यात एक अनोळखी भागधारक होता, तो उठला, त्याने खांबावर दोनदा थाप मारली, खालून वर हात फिरवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पान्हा चोरतेय." सिलिंडर म्हणाला, "चोरतेय कसली, मेली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, हिचे दोनसुद्धा नाही भरले."

बाकीच्यांतले दोघं घरी निघून गेले. अध्यक्ष उपड्या डब्यावर बसून होते. चष्मा काढून हातात धरलेला. मी शेजारी बसलो. "आठ तासांपुढे मी हिला कधी पाहिलीच नाही हो," ते म्हणाले. "भरली की बंद. भरली की बंद. मला वाटायचं, आपणच हिला अडवतोय."

आणि मग, ताई, पाचव्या दिवशी मायनस सहा काठी घेऊन शिडीवरून ओरडली, "अहो, उतरत नाहीये आता." आम्ही धावलो. धावलो म्हणजे आमच्या परीने. कालच्याइतकंच. सहाव्या दिवशी तेवढंच. सातव्या दिवशी काठी तिने बुडवायच्या आधीच आम्ही सगळे मिळून म्हटलं, चाळीस. काठीवर चाळीस. ती पातळ, न गाजणारी धार अजून चालू असेल. दिवसाला चाळीस बॅरल, आणि थांबायचं नाव नाही.

म्हणजे माझी तीनशेची गेली, पण तुझी आटलेलीही गेली. हे मी उगाच भांडणासाठी लिहीत नाही. थोडं भांडणासाठी लिहितोय.

आता जीव टांगणीला लागलाय तो सभेचा. अहवालात तीनशे छापलंय. बघायला बसलेल्यांनी सांगणं माझ्यावर सोडलंय, तोवर कोणी बाहेर बोलायचं नाही असं ठरलंय. मी चाळीस म्हटलं की त्याच दिवशी शेअर गडगडणार, माझ्या शब्दावर घेतलेले सगळे. अध्यक्षांनी मला एक वाक्य सुचवलंय: "विहीर सुरुवातीला दिवसाला तीनशेच्या वेगाने देते." एकही अक्षर खोटं नाही. ते ऐकून लोक पैसे घालतील, दुसरी विहीर खणली जाईल, आणि ती कदाचित खरंच मोठी निघेल. ते वाक्य खिशात घेऊन फिरतोय. काय करू?

तुझा,
बाळ

—

१७ फेब्रुवारी

बाळ्या,

तुझा अनोळखी भागधारक घरी आला. लांबच्या बाजाराला गेला होता म्हणे. गाय नाही, दोर नाही, अंगाला शेणाचा वास नाही. बुटांना तेल. मी म्हटलं, "आता गाई तेल देतात का?" ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस, तिथेच चटईवर बसला आणि सगळं ओकला. तांबडीची खरी किंमतसुद्धा. भांडले नाही. तेव्हापासून भाजीत मीठ घालत नाही, तेवढंच. त्यांनीही मागितलं नाही.

आता त्यांचं म्हणणं ऐक. "तुझ्या भावाला सांग, सभेपर्यंत चकार शब्द काढू नको. तोवर मी माझे विकून मोकळा होतो. मग काय ते चाळीस म्हण, नाहीतर चार म्हण." मी विचारलं, ते विकत कोण घेणार? म्हणाले, घेईल कोणीतरी. तो कोणीतरी तुझ्या बाकावर बसलेलाच कोणी असेल, हे त्यांनाही कळतं. म्हणून बोलताना माझ्याकडे बघत नव्हते.

पैसे आमच्या घरचे आहेत. गोठ्याचं छप्पर करायचंय, ते त्यातूनच झालं असतं. ते बुडावेत असं मला वाटत नाही, हे लपवत नाही. तू विचारतोस काय करू. लहानपणी तू अडलास की मी पलीकडून खोकायचे. या वेळी खोकणार नाही. तुझं तुला म्हणायचंय.

आटलेली म्हटलं होतं, ते माझं चुकलं. आठवडाभर पिळूनही जी तेवढंच देते ती आटलेली नसते. एवढं कबूल करते. पत्र जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

ताई

—

२६ फेब्रुवारी

तीर्थरूप ताई,

सभा काल झाली.

हॉल शाळेचा होता, बाक मुलांचे. म्हातारी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी उभा राहिलो. खिशातलं वाक्य तोंडपाठ होतं. समोर बघितलं तर ओळीने चष्मे, सगळे मीच बसवलेले, आणि त्यातून सगळे माझ्याकडेच बघतायत. मला वाक्य आठवेना असं नाही झालं. आठवत होतं. म्हणवलं नाही.

म्हटलं, "विहीर दिवसाला चाळीस बॅरल देते. तीनशे नाही. उघडल्यावर पहिले आठ तास जोरात येते, मग उतरते, आणि चाळीसवर थांबते. आम्ही आठवडाभर समोर बसलो होतो."

मग जो गलका झाला, विचारू नकोस. "जानेवारीत तुम्हीच दारोदार तीनशे सांगत होता ना?" "हो," मी म्हटलं. "तुमचे डोळे मी दोनदा तपासायचो. हिचे एकदाच तपासले. चूक माझी." मागून कोणी ओरडलं, पैसे परत द्या. एक जण, पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक, तरातरा पुढे आला, चष्मा काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मग हाही चुकीचाच असेल." ताई, ते लागलं. मी म्हटलं, "असेल तर उद्या घरी या, पुन्हा तपासतो." तो तसाच चाचपडत जागेवर गेला. चष्मा अजून माझ्याकडे आहे.

अध्यक्ष उठले. मला वाटलं आता मला खाली बसवणार. ते म्हणाले, "हे खरं सांगतायत. गुणाकार माझा होता." आणि खाली बसले. एवढंच. पण गलका अर्धा झाला.

तेव्हा मायनस सहा उठली. ती सभेत कधी बोलत नाही. "मला एक सांगा," ती म्हणाली, "आजपर्यंत आपण विकलं किती?"

अध्यक्ष म्हणाले, "दहा-बारा दिवसांनी एक टाकी."

"म्हणजे रोजचे दहासुद्धा धड नाहीत. आणि विहीर चाळीस देते."

"हो, पण एकच टाकी..."

"अहो, मग आपल्याकडे भट्टी पेटलेली आहे आणि ट्रे एकच आहे. एक ट्रे भरला की आपण भट्टी विझवतो आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसतो. तुम्ही दुसरी भट्टी बांधायला निघालात, आधी ट्रे आणा की."

ताई, आधी कोणीतरी हसलं. मग सिलिंडर उठून म्हणाला, दोन टँकर नेमाने लावायची जबाबदारी माझी. मग टाक्यांच्या किमतीवरून भांडण सुरू झालं, आणि ते असं भांडण होतं की ज्यात लोक पुढे सरकून बसतात. दुसरी विहीर बारगळली. दोन नव्या टाक्या ठरल्या, दुसऱ्या विहिरीच्या मानाने किरकोळ खर्चात. मतदानाला पहिला हात वर झाला तो तुझ्या घरचा. दुसऱ्या हाताने डोळे झाकलेले होते. विकले नव्हते त्यांनी. मी विचारलं, का? म्हणाले, "गिऱ्हाईक आलं होतं. तुमच्यासारखाच म्हातारा, डोळ्यांवर चष्मा. तोंडातून आकडाच फुटेना."

आता कडू भाग. आज सकाळी शेअर निम्म्याच्या खाली गेला. वाण्याच्या दुकानात दोघांनी माझ्याकडे पाठ फिरवली. एकीने फोनवर जे ऐकवलं ते तुला लिहिण्यासारखं नाही, आणि तिचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. दुकानाच्या पैशांतले थोडे टाक्यांसाठी देतोय, बाकीचे ठेवतोय. तू म्हणशील, हे शहाणपण उशिरा आलं. आलं मात्र.

सांगायला हरकत नाही, सभेसाठी कविताही नेली होती. म्हणायची राहूनच गेली.

तुझा,
बाळ

—

८ मार्च

बाळ्या,

तुझे भावोजी सभेहून आले ते उड्या मारतच. ट्रे, ट्रे करत गोठाभर फिरत होते, गाईही बिचकल्या. मी भाजीत पुन्हा मीठ घातलं.

पेपरात भाव बघितला. सोमवारी चांगली साडी नेसून तालुक्याला गेले, बँकेतल्या त्या मुलाला विचारून कागद भरले आणि तुमच्या कंपनीचे शेअर घेतले. छपराच्या पैशांतून. छप्पर आणखी एक वर्ष गळेल, गाईंना सांगितलंय. त्या मुलाने मला दोनदा विचारलं, "आजी, हा शेअर पडतोय, माहीत आहे ना?" म्हटलं, माहीत आहे, म्हणूनच आलेय.

उगाच फुगू नकोस. टाक्या बसतील, टँकर येतील, अध्यक्ष पुन्हा काही गुणणार नाहीत, यातलं मला काही माहीत नाही. पण लहानपणापासून तू मला कितीतरी गोष्टी सांगितल्यास. चंद्रावर जाणारी सायकल, आंब्याच्या कोयीतून निघणारं घड्याळ, गेल्या वर्षी हे तेल. तुझ्या शब्दावर मी आजपर्यंत एक दमडी लावली नव्हती. त्या दिवशी तू सगळ्यांच्या तोंडावर चाळीस म्हणालास, ते ऐकल्यावर लावली.

तो चष्मा तुझ्याकडे आहे तो त्याच्या घरी नेऊन दे. त्याची वाट बघत बसू नकोस, असे लोक येत नाहीत. सोबत तक्ता घेऊन जा, आणि बाकावर बसवायला विसरू नकोस.

आणि मला ती विहीर बघायचीय. पातळ धार कशी दिसते ते. येतेय. कधी, ते लिहीत नाही. अध्यक्षांना सांगू नकोस.

ताई